माझ्या अक्षरातली माती

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. कोतवाल सकाळीच दारात. सौ.ने त्याला तिळाचा लाडू दिला, त्याने आम्हाला नोटीस दिली. गोड बोलून गेला बिचारा.

हायवे रुंद होणार, रस्त्याकडच्या आमच्या आळीची अकरा घरं जाणार, हे तीन वर्षांपासून माहीत आहे. भिंतींवर लाल रंगाचे नंबर कधीच पडलेत. आमचा सात. आज निवाडा आला, म्हणजे कोणाच्या पदरात काय पडणार ते. जागेचं ठीक म्हणायचं. घराच्या रकान्यात मात्र, "माती-विटांचे धाब्याचे घर, जुने." चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच. डोक्यावर स्लॅब, पायाखाली फरशी, वर जायला सिमेंटचा जिना, आणि कागदावर धाबं! लाकडी कड्यांवर माती अंथरलेलं छप्पर, माझ्या आजोबांच्या वेळचं. ते पाडून तेवीस वर्षं झाली.

या पैशात इथे सोनगीरला पत्र्याची एक खोली उभी राहील. दार बसवायचं असेल तर उसने काढावे लागतील.

सौ. म्हणते, "चुकीमा दुसरानं घर लिखाई गयं व्हई."
मी नोटीस घडी करून खिशात घातली.

१५ जाने.
अकराही घरांना तेच. शब्द न शब्द. शांताराम मिस्त्री दिवसभर नोटीस घेऊन आळीत वर-खाली. त्याचा आवाज माझ्या न्हाणीपर्यंत. जेवण गेलं नाही.

१६ जाने., गुरु.
धुळे. भूसंपादनचं कार्यालय. दीड तास बाकावर. मग टेबलावरच्या पोरगेल्या साहेबांनी फाईल काढली. तोंडाने चांगला.

"काका, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला धाबं आहे."
"अहो, मोजणीवाल्यांनी स्लॅब डोळ्यांनी पाहिला!"
"पाहिला ना. शेरा आहे त्यांचा. नोंदीत धाबे, जागेवर स्लॅब, सबब अधिसूचनेनंतरचे बांधकाम असावे. मोबदला वाढावा म्हणून लोक घाईघाईने बांधतात काका. त्याचे पैसे देत नाही आम्ही. रजिस्टरला आहे त्याचे देतो."

म्हणजे आम्ही लबाड. तेवीस वर्षांचा स्लॅब परवा टाकला म्हणे.

पलीकडच्या शिवारात एका पुढाऱ्याने रस्त्याची कुणकुण लागताच पत्र्याची शेडं ठोकली. त्यात ना माणूस ना ढोर. त्याला पूर्ण मोबदला. का, तर त्याने शेडाची नोंद केली, घरपट्टी भरली, पावत्या जोडल्या. कागद सगळे खरे.

मग साहेबांनी झेरॉक्स माझ्यासमोर धरली. "बघा किती स्वच्छ रजिस्टर. एक खाडाखोड नाही. असं रजिस्टर हल्ली बघायला मिळत नाही."

अक्षर माझं. एकतीस वर्षं मी ग्रा.पं.चा कारकून होतो. रजिस्टर मी लिहायचो, ग्रामसेवक खाली सही करायचे.

बसमध्ये जागा होती तरी उभाच आलो.

१९ जाने., रवि.
आळीची बैठक. माझ्याच ओट्यावर, कारण कागदाचं काही असलं की सगळे माझ्याचकडे येतात. शांताराम सर्वांत तापलेला. "अकराच्या अकरा स्लॅब मना हातना शेतस. मीच टाकेल शेतस. मी सांगसू साहेबले." सांग बाबा. तुझी बिलं कुठे आहेत? तू कधी बिल दिलंस कोणाला?

मग कोणीतरी मागून विचारलं, "पन रजिस्टरमा माती कोनी लिखी?"

सगळ्यांना माहीत होतं कोणी लिहिली. आणि कोणी लिहायला लावली तेही. एकाने बिडी विझवली, एकाला म्हशीची आठवण झाली. बैठक उठली. शेजारची सुमनअक्का तेवढी शेवटपर्यंत खांबाला टेकून बसून होती. जाताना "येस नाना" म्हणाली, येते म्हणून.

२० जाने.
कोणाला सांगणार? वहीत लिहितो.

वैशाली चौथीत होती तेव्हा आम्ही धाबं पाडून स्लॅब टाकला. नोंद बदलायला हवी होती. बदलली की घरपट्टी चौपट. पतपेढीचा हप्ता डोक्यावर. म्हटलं, एक वर्ष राहू दे. वर्ष गेलं, विषय गेला. मग शांतारामने स्वतःचा स्लॅब टाकला आणि आला. "नाना, तुमनं धाबं तर मनं बी धाबंच राहू द्या." नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तो गेला, दुसरा आला. दर चार वर्षांनी फेरआकारणी असते. टेप घेऊन घरोघर फिरायचं, भिंत बघायची, छप्पर बघायचं, असेल ते लिहायचं. मी ओट्यावर बसून करायचो. जुनं बघून नवं. चहा व्हायचा. ग्रामसेवक सही करायचे, आता ते हयात नाहीत.

पैसा एकाचाही घेतला नाही. याचा केवढा अभिमान होता मला! मान घेतला. आळीतून निघालो की अकरा दारांतून "नाना, या ना चहाले". ती हाक ऐकायला मी मुद्दाम लांबच्या बाजूने जायचो. खोटं कशाला लिहू.

सुमनअक्का सर्वांत शेवटी आली. माझ्या भिंतीला भिंत तिची. नवरा गेल्यावर त्याच्या फंडाच्या पैशातून दोन खोल्यांवर स्लॅब टाकला. अंगणवाडीत मदतनीस होती, पगार तो काय! "नाना, पट्टी झेपाव नही मले." संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी आणून दिली. आम्ही बोटं चाटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिच्या ओळीत माती लिहिली, सुवाच्य अक्षरात.

तरी माझा गाढवपणा पुढेच आहे. मोजणीचं पथक आलं तेव्हा मी निवृत्त होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच ग्रा.पं.त जाऊन रजिस्टर काढून दिलं. "साहेब, एकतीस वर्षांचं काम आहे, एक खाडाखोड दाखवा." छाती काढून म्हणालो. त्यांनी मान डोलावून फोटो काढले. माझ्या अक्षराचं कौतुक होतंय म्हणून मी हरखलो होतो.

२१ जाने.
सौ.ला सांगितलं. तिला या तेवीस वर्षांत माहीत नव्हतं. ती तांदूळ निवडत होती. ताट खाली ठेवलं.

"एकवीस दिन मी हापसावरतीन पानी आनीसन टाकं त्या स्लॅबवर. मना खांदा आजूनबी दुखस. आन तुम्ही त्याले माती लिखं?"

दुपारी ताट वाढलं, पाणी दिलं, शेजारी बसली नाही.

३० जाने., गुरु.
ट्रंकेत पतपेढीचे कागद सापडले. कर्जाचा अर्ज, कारण, "राहत्या घरावर स्लॅब टाकणे." तारीख, शिक्का, सगळं. घेऊन धुळ्याला वकिलांकडे गेलो. वकील खूश.

"तुमचं घर सुटलं समजा. हे कागद लावतो, स्लॅब जुना ठरतो, मोबदला पक्क्या घराचा. फक्त रजिस्टर कोणी लिहिलं तो विषय काढायचा नाही. विचारलंच तर ग्रामसेवकांची सही दाखवा."
"ते वारले."
"मग तर काहीच अडचण नाही."
"आणि बाकीची दहा घरं?"
"त्यांच्याकडे असा कागद आहे?"
"नाही. मजुरी रोख, सिमेंट रोख. रजिस्टर खोटं आहे हे मी शपथेवर लिहून दिलं तर?"

त्यांनी पेनाला टोपण घातलं. "तर त्यांना थोडी आशा. तुमच्यावर मात्र खोट्या नोंदीचा गुन्हा होऊ शकतो. आणि तुमचं हातातलं घर चौकशीत अडकेल ते वेगळं. कोणासाठी करताय?"

फी दिली आणि उठलो.

खोटं कशाला बोलू, बसमध्ये बरं वाटत होतं. आपलं सुटलं. वैशालीकडे जळगावला एक खोली चढवायची, हिचा खांदा डॉक्टरला दाखवायचा. सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत तेच गणित करत होतो. आळीत शिरलो, तर सुमनअक्का दारात बसून तिच्या भिंतीवरचा आठ नंबर ओल्या फडक्याने पुसत होती. तो रंग निघत नाही. सांगितलं नाही मी तिला.

२ फेब्रु., रवि.
सुमनअक्का आली. हातात झाकलेलं पातेलं. भरीत.

"नाना, तुम्ही मनले लावू नका. मीच सांगं व्हतं तुमले माती लिखा म्हनी. चूक मनी शे."

शिव्या द्यायला आली असती तर परवडलं असतं.

तिला निवाड्यात जे लागलंय त्यात ती कुठे जाणार? पिंपळनेरला भाऊ आहे. "भाऊनं घर भाऊनं राहस नाना. दोन दिन पाहुनी, मंग मोलकरीन." मग अंगणाकडे बघत म्हणाली, "तुम्ही लिखी देशात का, मनं घर स्लॅबनं शे म्हनी? तुमना अक्षरले तठे मान शे, असं शांताराम सांगे."

बघतो म्हणालो. बघतो! सरकारी शब्द तोंडातून जातच नाही.

भरीत सौ.ने शेजारच्या पोरांना देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. बरोबर केलं.

५ फेब्रु.
वैशालीचा फोन. सौ.ने सगळं सांगितलेलं.
"पप्पा, आपले कागद आहेत ना? मग आपलं घ्या आणि इकडे या. गाव तुमच्यासाठी कोर्टात उभं राहणार आहे का?"
"गाव नाही गं. दहा घरं."
"ज्यांनी तुम्हाला खोटं लिहायला लावलं तीच ना?"

ती चुकीचं बोलत नाही. त्यांनी मागितलं हे खरं. पण पेन कोणाच्या हातात होतं?

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "पोर आपली काळजी करस." मग जरा वेळाने, "सुमनअक्काना स्लॅबवर बी कोनी ते पानी टाकं व्हई ना." एवढंच. त्या एकवीस दिवसांचा विषय तिने पुन्हा काढला नव्हता, आज काढला.

११ फेब्रु., मंगळ.
धुळे. प्रतिज्ञापत्र. टायपिस्टला मजकूर मीच सांगितला, एकतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेत. "सदर अकरा घरांचे छप्पर प्रत्यक्षात स्लॅबचे असल्याचे मला माहीत होते. तरीही मी जाणूनबुजून माती-धाबे अशी नोंद केली व ती पुढे चालू ठेवली." खाली अकराही घरांच्या स्लॅबची वर्षं, आठवतील तशी. टायपिस्ट थांबला. "काका, जाणूनबुजून राहू द्यायचं का? अनवधानाने टाकू?"
राहू दे म्हटलं.

सही केली. माझी सही तरी कधी एवढी वाकडी आली नव्हती. वकिलांनी केस सोडली. नमस्कार करून सोडली, माणूस सभ्य.

आळीत शांतारामला सांगितलं. त्याने माझे दोन्ही हात धरले. "नाना, तुम्ही बठ्ठासनी लाज राखी." सगळ्यांची म्हणे. दोन दारांतून चहाची हाक आली. गेलो. चव लागली नाही, पण गेलो.

१३ फेब्रु., गुरु.
हरकतींची सुनावणी. आळीतून एक टेम्पो करून सगळे. साहेब मोठे, शांत, आवाज चढवत नाहीत. प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं.

"रजिस्टर तुमच्या अक्षरात आहे?"
"हो."
"तुम्हीच खोटं लिहिलं?"
"हो."
"का?"
"घरपट्टी वाचावी म्हणून."
"म्हणजे फायद्यासाठी. आणि आज हे लिहून देताय, त्यात तुमचंही घर आहे. म्हणजे आजही फायदाच. बरोबर?"
"हो."
"मग तेव्हा खोटं होतं आणि आज खरं आहे, हे मी कशावरून मानू?"

चिडून विचारलं असतं तर चिडून बोललो असतो. त्यांनी खरंच विचारलं.

शांताराम मध्ये उठला, अकरा स्लॅबांतल्या लोखंडाची जाडी सांगू लागला. साहेबांनी विचारलं, "तुमचंही घर आहे ना यात?" तो बसला.

मी पतपेढीचे कागद पुढे केले. साहेबांनी नीट पाहिले. म्हणाले, "हे ठीक दिसतात. पण खोटी नोंद स्वतः कबूल करणाऱ्याचा दावा मला चौकशीशिवाय मंजूर करता येणार नाही. तुमची फाईल वेगळी ठेवतो. बाकीच्या दहांचं, ग्रामपंचायतीकडून लेखी अहवाल मागवतो. प्रतिज्ञापत्राची प्रत त्यांना जाईल."

हातातलं गेलं. दुसऱ्यांचं आलं नाही.

परतीच्या टेम्पोत सुमनअक्काने पिशवीतून फुटाणे काढून सगळ्यांना वाटले. मी घेतले, धरून बसलो, घरी येऊन कट्ट्यावर ठेवले.

२० फेब्रु.
काही नाही. ग्रा.पं.च्या मॅडम, म्हणजे आताच्या ग्रामसेविका, रस्त्यात दिसल्या. नवीन आहेत, वैशालीपेक्षा लहान. तोंड फिरवून गेल्या. त्यांच्या टेबलावर माझं पाप पडलंय, त्यांनी काय करावं?

४ मार्च, मंगळ.
कोतवाल पुन्हा. आता लाडू नाही. अकराही घरांना ग्रा.पं.ची नोटीस. घर पक्के असताना कच्चे दाखवून कर बुडविला, सबब मागच्या सगळ्या वर्षांचा फरक दंडासह भरावा, न भरल्यास जप्ती.

जप्ती कशाची? पाडायला काढलेल्या घराची! हसू आलं, आणि ते आवरेना. सौ. घाबरून पाणी घेऊन आली.

तासाभरात आळी दारात. शांताराम सर्वांत पुढे, ज्याने हात धरले होते तो.
"नाना, पह्यले घर घालं. आते घरपट्टी बी बठ्ठासना डोक्यावर टाकी. कोनी सांगं व्हतं तुमले शपथ ल्याले?"

तूच म्हणाला होतास, लाज राखली, हे मनातच. सौ. दारात येऊन उभी राहिली आणि एकेकाकडे बघत राहिली. मग पांगले.

१४ मार्च, शुक्र.
धूळवड. दरवर्षी पहिला रंग माझ्या दारात पडायचा. आज पांढरा सदरा घालून अकरा वाजेपर्यंत ओट्यावर बसलो. पोरं आली, बघून वळली. सदरा घडी करून ठेवला. परीटघडीचा आहे, पुन्हा चालेल.

मला राग आला, लिहून ठेवतो. सर्वांचा आला. त्यांच्यासाठी माझं घर घालवलं आणि चिमूटभर रंगाला महाग झालो. वैशालीचं ऐकायला हवं होतं.

१६ मार्च, रवि.
वेळ जाईना म्हणून नोटीस पुन्हा वाचली. या वेळी घरमालक म्हणून नाही, कारकून म्हणून. रकाना रकाना.

"बांधकामाचा प्रकार: पक्के, सिमेंट स्लॅब." "बांधकामाचे वर्ष:" आणि पुढे माझं खरं वर्ष. वैशाली चौथीत होती ते. खाली ग्रा.पं.चा गोल शिक्का, मॅडमची सही, जावक क्रमांक.

उठून उभा राहिलो. मोठे साहेब विचारत होते ना, कशावरून मानू? यावरून माना! माझं तोंड खोटं असेल, सरकारचा शिक्का तर खोटा नाही. एक कचेरी म्हणते स्लॅब परवाचा, दुसरी म्हणते तेवीस वर्षांचा, फरक भरा. भरला की पावती. पावतीवर वर्ष. ती पावती घेऊन जायचं धुळ्याला.

त्या पुढाऱ्याच्या शेडाला जे जमलं तेच. फक्त आमचं घर खरं आहे.

सौ.ला वाचून दाखवलं. तिने तो स्लॅबचा रकाना बोटाने चाचपला. तिला वाचता येतं, तरी.

१७ मार्च, सोम.
सकाळी पहिला भरणा माझा. सौ.च्या बांगड्या ठेवून. तिनेच काढून दिल्या, मी मागितल्या नव्हत्या. मॅडमनी पावती फाडली, माझ्याकडे न बघता. मग एकदम म्हणाल्या, "काका, मी त्रास द्यायला नाही पाठवल्या नोटिसा. प्रतिज्ञापत्र आल्यावर मला पाठवाव्याच लागल्या." म्हटलं, तुम्ही माझं कामच केलंत, मी न केलेलं. त्यांना कळलं नसावं.

पावती घेऊन आनंदाने शांतारामकडे गेलो. तर तिथे दुसराच घोळ.

आळीने अर्ज तयार केलाय. बाहेरून कोणाकडून लिहून आणलाय, माझ्याकडे कोण येणार! "आम्ही खाली सह्या करणार लिहून देतो की, आमची घरे पूर्वापार मातीची धाब्याची आहेत. तरी फरकाची नोटीस रद्द व्हावी." खाली नऊ सह्या-अंगठे.

घरपट्टी वाचवायला पुन्हा माती! हा अर्ज ग्रा.पं.त गेला की मॅडम तोच अहवाल म्हणून धुळ्याला पाठवतील, आणि संपलं. स्वतःच्या सहीने स्वतःची घरं पाडायची.

सांगितलं. ओरडून सांगितलं. शांताराम खाटेवरून उठला नाही.
"नाना, माती लिखा तवय बी तुम्ही सांगं, काही व्हवाव नही. शपथ लिन्ही तवय बी तुम्ही सांगं, फायदा व्हई. आते सांगतस पैसा भरा. कितला येळ इस्वास ठेवाना?"

साहेबांनी जे विचारलं तेच. या वेळी अहिराणीत.

१९ मार्च.
अर्ज सोमवारी द्यायचा ठरलाय. दहावी सही सुमनअक्काची बाकी आहे. तिच्याकडे तिघे जाऊन आले. "नाना काय सांगतस ते दखसू," म्हणाली म्हणे. त्यावरून तिलाही बोलणी बसली.

मी काय सांगू? तिच्याकडे फरकाचे पैसे नाहीत. हप्त्याने घ्या म्हणून मॅडमला विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पावती प्रत्येक हप्त्याची देईन. एवढं तरी.

२२ मार्च, शनि.
दोन दिवस दारोदार. सहा घरांनी ऐकून घेतलं, एकाने दार लावलं. सगळ्यांचं एकच, नाना, तुम्ही लिहिलेलं नको. माझं अक्षर नको झालंय लोकांना. खरंय. मलाही.

वैशाली आलीय, जळगावहून. संध्याकाळी गच्चीवर उभी राहून पायाने स्लॅब दाबून बघत होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही आकारणी कशी करायचात हो? म्हणजे खरी कशी करतात?"
सांगितलं. टेप, भिंत, छप्पर, मालकासमोर लिहायचं, मालकाची सही घ्यायची.
"तुम्ही कधी केलीत?"
नाही.

२३ मार्च, रवि.
आज केली.

कोरी वही, टेप, पेन. सकाळी आठला घर नंबर एकपासून. कोणाला समजावलं नाही, पैसे भरा म्हटलं नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणालो, "तुमचं घर मोजायचं राहिलंय माझं. मोजू द्या."

एकाने हाकललं. दोघांनी नुसतं बघितलं, आत घेतलं नाही, मी बाहेरून मोजलं. बाकीच्यांनी घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा या घरांची छतं आतून पाहिली. इतक्या वेळा चहा पिऊन आलो होतो, वर बघितलं नव्हतं. चार नंबरच्या घरी स्लॅबला पाळण्याची कडी आहे. नवाच्या जिन्याला पितळी कठडा, पै पै जोडून केलेला दिसतो. लिहिलं. असेल ते लिहिलं. टेपचं दुसरं टोक सुमनअक्काने धरलं, तिच्या घरापासून पुढे सगळीकडे, न सांगता. तिच्या भिंतीवर तसबिरीखाली नवऱ्याच्या फंडाचं पाकीट अजून खिळ्याला लटकवलेलं आहे. त्यावर तारीख आहे, म्हणजे पुरावा! मी विचारलं नव्हतं, तिने दाखवलं नव्हतं.

शेवटी शांताराम. दार बंद. ओट्यावर उभा राहिलो. बराच वेळ. सुमनअक्का म्हणाली, "चला नाना." नाही गेलो.

दार उघडलं. त्याने माझ्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि खोलीच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मी वाचलं, त्याने आकडा पुन्हा म्हटला, मी लिहिला. मिस्त्री आहे, इंच चुकू देत नाही. एकदा म्हणाला, "तठे नही, आठे धरा." तेवढंच. छप्पर, "सिमेंट स्लॅब". त्याने वहीत वाकून तो शब्द वाचला. सही कर म्हटलं, तर पेन हातात घेतलं, थांबला, परत दिलं. "उद्या दखू."

चहाचं त्याने विचारलं नाही. अर्ज त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, वाकताना घडी दिसली.

घरी आलो. सौ.ने विचारलं, "व्हयनं?" आपलं धरून दहा घरं झाली म्हटलं. एकाने हाकललं त्याची ओळ कोरी सोडली आहे.

ग्रामपंचायत उद्या दहाला उघडते. मी नऊलाच जाऊन पायरीवर बसणार आहे, मॅडमना द्यायची वही घेऊन. शांतारामचं घर त्याच रस्त्याला आहे. तो खिशात काय घेऊन येतो ते तिथूनच दिसेल.